कुसू, खोबण आणि आधार : सुतारी सांध्यांवर कोशनोंद लिहिताना

दोन लाकडे एकमेकांत अशी बसवायची की ओढली तरी सुटू नयेत, दाबली तरी फाटू नयेत, आणि बाहेरून पाहणाऱ्याला आत काय केले आहे ते दिसू नये. सुतार याला सांधा म्हणतो. घराची चौकट, देवघर, पाळणा, नांगर, बैलगाडीचे चाक हे सारे सांध्यांवर उभे असते. या विषयावर एका ऑनलाइन मराठी कोशासाठी सातशे शब्दांची नोंद लिहायला मी बसलो, तेव्हा हे काम आठवड्याचे आहे असा माझा समज होता. आमच्या काकतीत सुतारांची घरे आहेत, आळीतले वयस्क सुतार अण्णा लहानपणापासून ओळखीचे, आणि शाळेत तीस वर्षे मराठी शिकवल्यामुळे लिहिण्याची भीती नाही. मसुदा खरोखरच आठवड्यात झाला. तो परत आला तेव्हा जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी दोन शब्द जोडलेले होते : संदर्भ हवा.

पहिल्यांदा राग आला. खांबाच्या डोक्यावर कुसू काढतात आणि तुळईला भोक पाडतात, याला कसला संदर्भ? डोळ्यांनी दिसते ते. पण कोशाची बाजूही खोटी नाही. वाचकाने लेखकावर विश्वास ठेवायचा नसतो, पडताळून पाहायचे असते. मी उद्या नसेन, अण्णा नसतील, तेव्हा ते वाक्य कशावर उभे राहणार? कोशातल्या वाक्यालाही कुठेतरी सांधा लागतोच.

या शोधात मला काय सापडले, काय सापडले नाही, आणि कुठला आधार कशासाठी चालतो व कशासाठी चालत नाही, ते इथे मांडतो. हस्तव्यवसायांवर लिहू पाहणाऱ्या शिक्षकांना व विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग व्हावा. विषय सुतारीचा असला तरी कुंभार, बुरूड, लोहार यांच्यावर लिहिताना हीच वाट तुडवावी लागेल.

आधी माझी चूक सांगतो. इंग्रजीत ज्याला टेनन म्हणतात त्यासाठी मी मसुद्यात 'चूल' असा शब्द घातला होता. एका हिंदी तांत्रिक पुस्तकात तो मिळाला होता. हिंदीत लाकडाच्या टोकाला काढलेल्या त्या जिभेला चूल म्हणतात आणि ज्या भोकात ती बसते त्याला साल. खिळखिळ्या झालेल्या वस्तूविषयी 'चूलें हिल गईं' असे हिंदीभाषक म्हणतो, ते यावरूनच. मी मसुदा अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी हातातला रंधा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, चूल आमच्या सैपाकघरात. हे कुसू." छापील पुस्तक हातात असूनही मी चुकलो होतो, आणि ज्यांच्याजवळ पुस्तक नव्हते ते बरोबर होते. तरीही कोशाच्या दृष्टीने माझ्याजवळ आधार होता आणि त्यांच्याजवळ नव्हता. सगळी अडचण या एका प्रसंगात आहे.

कुसू हा शब्द खरा मराठी आहे का, हे पाहण्यासाठी शब्दकोश उघडले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रथम निघाला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. ही दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात जालावर शोधता येते. दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला व १९५० मध्ये पुरवणी आली. तोही तिथेच पाहता येतो. शोधणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. या कोशांत जुन्या वळणाचे अनुस्वार आहेत. आपण 'कुसू' लिहितो, तिथे 'कुसूं' असते. आपण 'खाच' लिहितो, तिथे 'खांच'. अनुस्वाराशिवाय शोधले तर शब्द नाहीच असे वाटून आपण माघारी फिरतो. माझे दोन दिवस असेच गेले. दुसरी युक्ती अशी की, शब्दाऐवजी अर्थाच्या बाजूने शोधावे. मोल्सवर्थमध्ये इंग्रजी अर्थात 'टेनन', 'मॉर्टिस', 'कार्पेंटर' असे शब्द शोधले की, ज्यांची आपल्याला कल्पनाही नव्हती असे मराठी शब्द वर येतात.

शब्दकोश मात्र शब्दाचाच साक्षीदार असतो, कामाचा नव्हे. कुसू म्हणजे काय हे तो सांगेल. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश ठेवावी हे सांगणार नाही. त्याहून जाड ठेवले तर भोकाच्या दोन्ही बाजूंच्या भिंती पातळ होऊन फाटतात, आणि बारीक ठेवले तर कुसूच मोडते. हा एक-तृतीयांशाचा नियम अण्णांना तोंडपाठ आहे, इंग्रजी सुतारीच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांतही तो आहे. एकच गोष्ट दोन परस्परांशी संबंध नसलेल्या ठिकाणी सापडली की मला हायसे वाटते. कोशलेखकाने अशा ठिकाणी पाठ्यपुस्तकाचा आधार द्यावा व पुढे जावे.

सीमाभागात आणखी एक गुंता आहे. बेळगाव परिसरातल्या कारखान्यात मराठी बोलणारा सुतार आणि कन्नड बोलणारा बडिग शेजारी-शेजारी बसून एकाच दारावर काम करतात. एक पटाशी म्हणतो, दुसरा उळि. एकाची करवत, दुसऱ्याची गरगस. एकाचा वाकस, दुसऱ्याची बाचि. हत्यार तेच, हातही एकमेकांचे पाहून शिकलेले. त्यामुळे इथल्या सुतारीवर लिहिणाऱ्याने फक्त मराठी कोशांवर थांबू नये. फर्डिनांड किटेल यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ मध्ये मंगळूरला प्रसिद्ध झाला. सुतारीच्या शब्दांसाठी तो मोल्सवर्थच्या शेजारी ठेवावा असा आहे. आणि पश्चिमेकडून पोर्तुगीज आलेच : दाराची बिजागरी मुळात पोर्तुगीज. रंधा फारसीतून आला. काही शब्दांना तर गावागणिक वेगळा अर्थ. मी गिरमिटाविषयी, म्हणजे भोक पाडायच्या हत्याराविषयी, एका मुलाला विचारले, तर त्याने मला चुरमुऱ्याच्या गाड्याकडे बोट दाखवले. हुबळी-धारवाडकडचे गिरमिट खायचे असते. ज्ञानकोशात अशा शब्दांसाठी अर्थ वेगळे करणारे पान का लागते, ते त्या दिवशी कळले.

आता ग्रंथांकडे वळतो. भारतीय सुतारी तोंडीच चालत आली, लिहिलेले काही नाही, असे बरेचदा ऐकू येते. ते खरे नाही. मयमत आणि मानसार या दोन्ही वास्तुग्रंथांत सतरावा अध्याय संधिकर्माचा, म्हणजे सांध्यांचाच आहे. मयमत हा दक्षिणेतला ग्रंथ. गणपतिशास्त्रींनी त्याची संहिता त्रिवेंद्रम संस्कृत मालेत १९१९ मध्ये छापली, आणि ब्रुनो दागेन्स या फ्रेंच अभ्यासकाने पुढे त्याची चिकित्सक आवृत्ती व भाषांतर केले. इंग्रजी भाषांतरासह द्विभाषी आवृत्ती १९९४ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने काढली. मानसाराची संहिता व इंग्रजी भाषांतर प्रसन्नकुमार आचार्य यांनी १९३० च्या दशकात प्रसिद्ध केले.

या अध्यायांत सांध्यांना नावे आहेत, आणि ती नावे वाचताना माझ्यातला भाषाशिक्षक खूश झाला. किती लाकडे एकत्र येतात त्यावरून मल्ललील, ब्रह्मराज, वेणुपर्व, पूकपर्व, देवसंधी, दंडिक असे प्रकार. खांब लांबवण्यासाठी जे सांधे, त्यांत मेषयुद्ध, त्रिखंड, सौभद्र, अर्धपाणी, महावृत्त. आडव्या लाकडांसाठी षट्‌शिखा, झषदंत, सूकरघ्राण, संकीर्णकील, वज्रसन्निभ. मेषयुद्ध म्हणजे एडक्यांची टक्कर, सूकरघ्राण म्हणजे डुकराचे नाक, झषदंत म्हणजे माशाचा दात. सांधा आत कसा दिसतो ते या नावांत चित्रासारखे धरलेले आहे. इंग्रज सुताराने पारव्याची शेपटी पाहिली, तर आपल्याकडच्या सुताराने एडक्याची टक्कर पाहिली.

पण इथे एक खड्डा आहे, आणि मी त्यात जवळजवळ पडलोच होतो. मोह असा होतो की, डोव्हटेलसाठी मराठी शब्द हवा आहे, तर यातलेच एक भारदस्त नाव उचलावे आणि कोशात बसवावे. तसे करू नये. सूकरघ्राण म्हणजे डोव्हटेल नव्हे. मयमतातल्या वर्णनावरून अभ्यासकांनी आकृत्या काढल्या आहेत, पण श्लोकांतल्या मोजक्या शब्दांवरून काढलेल्या आकृतीत तर्काचा वाटा असतो. शिवाय काकतीतल्या कोणत्याही सुताराने मेषयुद्ध हा शब्द कधी ऐकलेला नाही. या ग्रंथाचा आधार 'प्राचीन वास्तुग्रंथांत सांध्यांचे वर्गीकरण केलेले आढळते' या वाक्याला चालतो. 'मराठी सुतार या सांध्याला अमुक म्हणतात' या वाक्याला तो चालत नाही. दोन वाक्ये एकाच परिच्छेदात आली तरी त्यांचे आधार वेगळे ठेवावे लागतात.

एक गोष्ट मात्र हजार वर्षे ओलांडून थेट अण्णांच्या अंगणात आली. लाकडाचे मूळ कोणते आणि अग्र कोणते हे पाहून ते कसे लावायचे, याचा विचार या ग्रंथांत आहे. अण्णा खांब उभा करताना बुंध्याकडची बाजू खाली ठेवतात. का, असे विचारले तर म्हणाले, "झाड उलटं उभं राहतंय का कुठं?"

ग्रंथांइतकाच भक्कम पुरावा दगडात आहे. कार्ले आणि भाजे येथील चैत्यगृहांच्या छताला लाकडी फासळ्या अजून टिकून आहेत. भाज्याच्या फासळ्यांवर तर ब्राह्मी अक्षरेही सापडली आहेत. जिथे लाकूड उरले नाही तिथे दगडाने लाकडाची नक्कल केलेली आहे. सांचीच्या स्तूपाभोवतालचा कठडा पाहावा. उभे स्तंभ, त्यांत अडकवलेल्या आडव्या सूची, वर उष्णीष. दगडाला अशा सांध्याची काही गरज नव्हती. सुताराची सवय पाथरवटाच्या हातात उतरली. लाकूड कुजून गेले तरी सांधा दगडात राहिला. पुरातत्त्व खात्याच्या अहवालांत व कलेतिहासाच्या पुस्तकांत याची भरपूर वर्णने आहेत, आणि ती विनातक्रार संदर्भ म्हणून चालतात. लाकूड पाण्याखाली राहिले तर तेही टिकते. जर्मनीतील साक्सनी प्रांतात सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी विहिरी उघड्या केल्या गेल्या, त्यांच्या तळाच्या चौकटीत कुसू, भोक आणि पाचर असा सांधा जसाच्या तसा होता. त्यावरचा शोधनिबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. धातूचे हत्यार नसताना दगडी वाकसांनी हे काम केले होते, हे वाचून अण्णा बराच वेळ गप्प बसले.

जिल्ह्याच्या इतिहासासाठी गॅझेटिअर हाताशी असते. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगावचा खंड (एकविसावा) १८८४ मध्ये निघाला. त्यात कारागीर जातींची वर्णने आहेत. त्र्यं. ना. आत्रे यांचे 'गाव-गाडा' १९१५ चे. बलुतेदार म्हणून सुताराचे गावातले स्थान, त्याची कामे, त्याला मिळणारे बलुते यासाठी त्याला तोड नाही. पण दोन्हीकडे माझी निराशा झाली ती एकाच कारणाने. सुतार कोण, त्याला काय मिळते, तो कोणाच्या हातचे खातो, हे सगळे आहे. तो लाकडात लाकूड कसे घालतो, हे नाही. लिहिणाऱ्याने माणूस पाहिला, हात पाहिले नाहीत. विसाव्या शतकातल्या आपल्या ज्ञानकोशांविषयीही थोड्याफार फरकाने हेच म्हणावे लागेल. केतकरांच्या ज्ञानकोशाचा आवाका आणि १९७६ पासून खंडरूपाने निघत गेलेल्या मराठी विश्वकोशाची शिस्त यांबद्दल आदर बाळगूनही. सुतारकामाविषयी लिहिणारा तंत्रज्ञ बहुधा इंग्रजी पुस्तकातून शिकलेला असतो, आणि नोंद तशीच उतरते.

तांत्रिक पाठ्यपुस्तकांची परंपरा मराठीत नव्हती असे नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. देशी भाषांतून धंदेशिक्षणाची पुस्तके निघावीत हा त्या काळचा आग्रह होता, आणि मराठी-गुजरातीत तशी पुस्तके निघालीही. जुन्या ग्रंथालयांत ती अजून असतील तिथे पाहावीत. आजच्या विद्यार्थ्याला सहज मिळणारी पुस्तके म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतल्या सुतार या व्यवसायाची. त्यांत सांध्यांच्या आकृत्या स्वच्छ, मापे बरोबर, क्रम शिस्तशीर. मोडणारी बाजू भाषेची. 'मॉर्टिस अँड टेनन जॉइंट' असे नागरीत लिहून पुढे जायचे, किंवा मग शब्द बनवायचा. भाषा संचालनालयाच्या स्थापत्य अभियांत्रिकीसारख्या परिभाषा कोशांचा उपयोग इथे होतो. पण परिभाषा कोश काय म्हणावे ते सांगतो, लोक काय म्हणतात ते नाही. नोंदीत दोन्ही द्यावे, आणि कोणते कोणते आहे ते वाचकाला कळू द्यावे. भारतीय मानक संस्थेचे आयएस ७०७ हे मानक लाकूडकामातील संज्ञांचे आहे. व्याख्येसाठी ते उत्तम, कारण व्याख्येवर वाद झाला तर राष्ट्रीय मानकापुढे फार कोणी जात नाही.

इथवर सगळे कागदी आधार झाले. सांध्याची खरी अडचण पुढेच आहे. सांधा मुळात लपवण्यासाठी असतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोरीव दारे-खिडक्या डोळे भरून पाहता येतात, पण दाराच्या चौकटीत कुसू किती लांब आहे हे काचेबाहेरून कसे कळणार? छायाचित्रातही दिसते ती फक्त एक रेघ. सांधा पाहायचा तर वस्तू मोडलेली असावी लागते, किंवा घर उतरवताना तिथे हजर असावे लागते.

आमचे गाव पुणे-बेंगळुरू महामार्गावर आहे, बेळगावच्या उत्तरेला. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे जन्मगाव म्हणून पाहुणे ते ओळखतात. रस्त्याकडेची जुनी कौलारू घरे एकेक करून उतरली आणि सिमेंटची उभी राहिली. घर उतरवणे हा आमच्याकडे नेहमीचा शब्द आहे, पाडणे वेगळे. उतरवताना आधी कौले, मग रिपा, मग वासे, आढे, तुळया, शेवटी खांब. असे एक घर उतरत असताना मी वही घेऊन दोन दिवस तिथे बसलो. जे पुस्तकांत मिळाले नव्हते ते तिथे ढिगाने पडले होते. तुळईच्या टोकाच्या कुसवांवर पटाशीने मारलेल्या खुणा होत्या : एक रेघ, दोन रेघा, तीन. त्याच खुणा खांबाच्या भोकाजवळ. म्हणजे घर आधी जमिनीवर जुळवले होते आणि मग उभे केले होते. प्रत्येक कुसू आपापल्या भोकासाठीच तासलेले, म्हणून नंबर.

आणखी एक गोष्ट दिसली. कुसवाच्या आरपार खुंटीसाठी जे भोक होते ते तुळईतल्या भोकाच्या बरोबर समोर नव्हते; सुताभर मागे होते. मी ती चूक समजलो. अण्णा हसले. भोक मुद्दाम मागे घेतात. निमुळती खुंटी ठोकली की ती कुसवाला आत खेचते आणि सांधा आपोआप आवळला जातो. सरस नको, खिळा नको. हीच युक्ती युरोपातल्या जुन्या सुतारीत जशीच्या तशी आहे, आणि तिच्यावर इंग्रजीत पानेच्या पाने लिहिलेली आहेत. मराठीत मला एक ओळही मिळाली नाही.

खिळ्यापेक्षा हे बरे का, याचे उत्तर लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड वाळताना आणि पावसाळ्यात फुगताना आडव्या दिशेने हलते, लांबीत जवळजवळ नाही. सागवान तर शांत लाकूड, तरी ओल्याचे पूर्ण वाळेपर्यंत ते वलयांच्या दिशेने पाच टक्क्यांच्या आसपास आक्रसते. खिळा हलत नाही, लाकूड हलते, म्हणून खिळ्याभोवती भोक सैल होते. लाकडी खुंटी आणि कुसू लाकडाबरोबर हलतात. दाराच्या फळीला चौकटीच्या खोबणीत सरस लावत नाहीत ते यासाठीच. ती मोकळी ठेवली नाही तर पहिल्याच उन्हाळ्यात तडकेल.

शेतीच्या अवजारांची तऱ्हा निराळी. घरातला सांधा कायमचा, तर नांगराचा सांधा रोज सोडायचा. इसाड आणि रुमणे पाचरीने बसवतात, कारण जमिनीच्या कसाप्रमाणे नांगराचा कोन कमी-जास्त करावा लागतो. एक पाचर सैल केली की काम झाले. आपण 'त्याने मध्येच पाचर मारली' असे वाईट अर्थाने म्हणतो. सुताराच्या लेखी पाचर ही दोघांना घट्ट धरणारी. म्हणीही पुरावा असतात, फक्त त्या धंद्यातल्या नसून धंद्याबाहेरच्या माणसाने बनवलेल्या असू शकतात, एवढे ध्यानात ठेवावे.

आणि चाक. बैलगाडीचे चाक हा सांध्यांचा कळस आहे असे माझे मत आहे, आणि नोंदीत त्याला मी निम्मी जागा दिली. मधल्या तुंब्याला भोके, त्यांत आऱ्यांची कुसवे, आऱ्यांच्या दुसऱ्या टोकाची कुसवे कडेच्या वाकड्या तुकड्यांत. सगळे सांधे नुसते ठोकून बसवलेले. मग लोहाराची धाव येते. लोखंडी पट्टीचे कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान केलेले असते. ते विस्तवात लाल करून चाकावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात. हिशेब करून पाहिला. चार फुटी, म्हणजे साधारण १.२ मीटर व्यासाच्या चाकाला सुमारे ३.८ मीटरची धाव लागते. चारशे अंशांनी तापवली की तिचा घेर जवळपास १८ मिलिमीटर वाढतो. निवताना ती तेवढी आवळते, आणि तुंब्यापासून कडेपर्यंतचे सगळे सांधे एकाच वेळी आत दाबले जातात. सुताराने सैल-घट्ट राखलेला प्रत्येक सांधा लोहार एका क्षणात बंद करतो. दोन धंद्यांचा हा सांधा कोणत्या पारिभाषिक नावाखाली घालावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आता मूळ प्रश्न. मी वहीत टिपलेले हे सगळे संदर्भ म्हणून चालते का? मुक्त कोशांचा नियम स्पष्ट आहे : लेखकाचे स्वतःचे संशोधन नको, आधी कुठेतरी प्रसिद्ध झालेले हवे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, आणि हा नियम आपल्याही लेखकांना लागू आहे. नियम शहाणा आहे. तो नसता तर कोणीही काहीही लिहिले असते. पण ज्या भाषेत धंद्याचे ज्ञान छापलेच गेले नाही त्या भाषेला तो जड जातो. हा प्रश्न केवळ आपल्याला पडलेला नाही. २०११ मध्ये अचल प्रभला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मौखिक संदर्भांचा एक प्रयोग केला. भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून, ती मुद्रणेच विकिपीडियावरच्या लेखांना संदर्भ म्हणून जोडली. मलयाळम, हिंदी आणि सेपेडी या भाषांत हे काम झाले. त्यावर वाद बराच झाला आणि ती पद्धत सर्वमान्य झाली नाही. मला स्वतःला ती पुरेशी वाटत नाही, कारण मुद्रणावर दुसऱ्या कोणाची तपासणी झालेली नसते. पण प्रश्न त्यांनी नेमका विचारला होता.

जुन्या काळी हे कसे सोडवले, ते पाहण्यासारखे आहे. फ्रान्समध्ये दिदरो आणि दालांबेर यांचा ज्ञानकोश १७५१ पासून निघू लागला. कारागिरांच्या कामशाळांत जाऊन, त्यांना विचारून, त्यांच्या तोंडचे शब्द टिपून आम्ही लिहितो, असे त्यांनी जाहीर केले होते. त्यांच्या चित्रपटलांच्या अकरा खंडांत सुतारीची पाने पाहावीत अशी आहेत. त्या पटलांतली काही दुसऱ्या संग्रहावरून उचलली, असा आरोप त्याच काळी झाला, हेही खरे. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १७६९ पासून, रूबो याने सुतारीवरचा आपला प्रचंड ग्रंथ काढला. रूबो स्वतः सुताराच्या घरात जन्मलेला, सुतारी करणारा. कोशकारांनी बाहेरून पाहिलेले त्याने आतून लिहिले, आणि आज सांध्यांवर लिहिणारा युरोपीय लेखक दिदरोपेक्षा रूबोचाच आधार घेतो. आपल्याकडे रूबो झाला नाही. सुताराच्या मुलाला लिहिता येऊ लागले तेव्हा त्याने सुतारी सोडली होती.

मग मी काय केले? अण्णा आणि आसपासच्या गावांतले आणखी चार सुतार, त्यांत दोन कन्नडभाषक, यांच्याकडे तोच एक संच घेऊन गेलो. मोडक्या घरातून आणलेले सहा सांधे, पोत्यात घालून. शब्द सुचवायचा नाही, सांधा पुढे ठेवायचा आणि 'याला काय म्हणता?' एवढेच विचारायचे. शिक्षकाला हे फार कठीण जाते, जीभ वळवळते. पहिल्या फेरीत मीच 'हे कुसू ना?' असे विचारत होतो आणि सगळे 'होय होय' म्हणत होते. ती पाने मी फाडली. दुसऱ्या फेरीत खरे उत्तर आले. वयस्क दोघे कुसू म्हणाले, तरुण एकजण टेनन म्हणाला, आणि कन्नडभाषकांनी त्यांचे शब्द दिले. भोकाला सगळे भोकच म्हणतात. त्यासाठी वेगळा शब्द हवा ही गरज पुस्तकवाल्यांची. फळीला फळी जोडण्याच्या खोबणीला खोबण. एक लाकूड खाली, एक वर, दोघांची निम्मी जाडी काढलेली, या सांध्याला 'निम्मं-निम्मं'. डोव्हटेलला पाचही जण 'डौटेल'. तेव्हा तो शब्द मी तसाच ठेवला. पेटीचा खण ज्याने विलायती नमुन्यावर शिकला, त्याच्या तोंडात त्याचे विलायती नाव बसले, तर तेच आता मराठी सुतारीतले नाव आहे.

प्रत्येक शब्दापुढे गाव, सांगणाऱ्याचे अंदाजे वय, घरची भाषा, तारीख आणि सांध्याची मोजमापांसह आकृती, एवढे टिपून ठेवले आहे. ही टिपणे माझ्या कपाटात आहेत तोवर ती आधार नव्हेत. एखाद्या वार्षिकात, संपादकांच्या नजरेखालून, आकृत्यांसह छापली गेली की दुसऱ्या कोणाला त्यांचा हवाला देता येतो. स्वतःच्याच लेखाचा आधार स्वतःच्या नोंदीला देणे मला प्रशस्त वाटत नाही; ते काम दुसऱ्याने करावे, आणि शक्य तर आधी निपाणीकडे किंवा खानापूरकडे जाऊन माझे शब्द चुकले का तेही पाहावे. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या सुतारांचे शब्द वेगळे निघतील अशी मला शंका आहे.

नोंद आता कोशात गेली आहे. सातशेची चारशे चाळीस शब्दांवर आली. मयमत, सांची, मानकातली व्याख्या, पाठ्यपुस्तकातला एक-तृतीयांशाचा नियम राहिला. चाकाला दिलेली निम्मी जागा तीन ओळींवर आली. मागे घेतलेल्या भोकाची युक्ती इंग्रजी आधारावर राहिली, जरी मी ती काकतीत पाहिली होती. कुसू राहिला, मोल्सवर्थच्या भरवशावर. 'निम्मं-निम्मं' गळले. अण्णांना मी कागदावर छापून दाखवले तेव्हा त्यांनी आकृती उलटी धरली, मग सुलटी केली, आणि म्हणाले, "खुट्टी दाखवली न्हाई तुम्ही. खुट्टी नसंल तर हे पडतंय." आकृती दुरुस्त करून पाठवली आहे.